भात कापणी, भाऊबीज आणि नोव्हेंबरची स्पर्धा : एका गोल्फ मैदानावरील रजांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या एका अठरा होलच्या गोल्फ मैदानाचे आहे. क्लबचे नाव, वाड्यांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये येथे जे घडले ते वरवर पाहता शिस्तीचे प्रकरण होते आणि क्लबनेही आधी ते तसेच हाताळले. पुढच्या वर्षभरात ते प्रत्यक्षात वेळापत्रकाचे प्रकरण ठरले, आणि ते तसे कसे ठरले हेच येथे मांडायचे आहे.

मावळ-मुळशीच्या पट्ट्यात गोल्फचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जमीन टणक होते, सकाळी गारवा असतो आणि शनिवार-रविवारच्या सगळ्या वेळा आठवडाभर आधीच भरतात. हा ओघ मार्चपर्यंत टिकतो. त्यानंतर उन्हाने खेळणारे कमी होतात आणि जूनपासून मैदान जवळजवळ माळ्यांच्या ताब्यात जाते. गंमत अशी की गवत मात्र पावसाळ्यात सर्वांत जोमाने वाढते, म्हणजे खेळाडू नसतात तेव्हा कापणीचे काम भरपूर असते, आणि खेळाडू येतात तेव्हा गवताची वाढ मंदावत जाते पण त्याच्या दिसण्याबद्दलच्या अपेक्षा वाढतात.

मैदान विभागात सुमारे चाळीस माणसे होती. त्यांतील निम्मी क्लबच्या हजेरीपटावर आणि उरलेली ठेकेदारामार्फत होती. कामाचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होई, कारण पहिला गट साडेसहाला खेळायला निघे आणि तोवर निदान पहिल्या चार-पाच होलवरचे काम उरकून माणसे पुढे सरकलेली असणे आवश्यक असे. ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचे, गवत हंगामात रोज कापावे लागते आणि त्याची उंची तीन ते चार मिलिमीटरच्या दरम्यान राखावी लागते. एक माणूस हाताने चालवायच्या यंत्राने सकाळच्या वेळात चार किंवा फार तर पाच ग्रीन नीट कापू शकतो. होलची जागा बदलायची असते. कप कटरने १०८ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडायचे, जुने भोक त्याच मातीच्या गोळ्याने असे बुजवायचे की चेंडू त्यावरून जाताना उडू नये. हे काम दोघे मिळून नऊ-नऊ होल वाटून घेत. याखेरीज दव झटकणे, बंकरमधील (मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यांतील) वाळू सारखी करणे, फवारणी आणि रात्रीच्या पाण्याचा पंप ही कामे होती.

येथील ग्रीनवर संकरित बर्म्युडा गवत आहे. ते आपल्या हरळीच्याच कुळातले. ज्या माणसांनी शेतातून हरळी उपटण्यात आयुष्य घालवले तीच माणसे आता तिला खत-पाणी घालतात, हा विनोद माळ्यांमध्ये जुना आहे. त्याचा उल्लेख येथे करण्याचे कारण वेगळे आहे: ही माणसे शेतकरीच आहेत आणि त्यांनी शेती सोडलेली नाही. आसपासच्या पाच-सहा वाड्यांतून ती येतात. बहुतेकांकडे थोडी भातखाचरे शिल्लक आहेत, त्यांत इंद्रायणी होतो आणि वर्षाचा घरचा तांदूळ त्यातूनच येतो. पगार क्लबचा असला तरी कणगी खाचरातूनच भरते.

अडचण

क्लबची वार्षिक निमंत्रितांची स्पर्धा तीन दिवसांची असते आणि ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवार ते रविवारी घेण्याचा प्रघात होता. प्रायोजक कंपन्यांशी बोलणी सोपी जावीत म्हणून तारीख अशी ठरवलेली होती. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आले आणि स्पर्धा १८ नोव्हेंबरला सुरू झाली, तेव्हा कोणालाच काही अडचण जाणवली नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, भाऊबीज १५ ला आणि स्पर्धा १७ ते १९ नोव्हेंबर. स्वयंपाकघरातील बिहारी आचाऱ्यांच्या छठपूजेचा संध्याकाळचा अर्घ्यही नेमका १९ लाच होता. शिवाय अवकाळी पावसाच्या धास्तीने वाड्यांमध्ये उरलेले भात घाईने काढायचे चालले होते.

व्यवस्थापनाला गर्दीचा अंदाज होता, म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस फलकावर सूचना लावण्यात आली: नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत कोणत्याही कारणास्तव रजा मंजूर केली जाणार नाही. सूचनेखाली व्यवस्थापकाची सही होती. मुकादमाला ती वाचून दाखवण्यास सांगितले गेले, त्याने ती वाचून दाखवली आणि कोणीही प्रश्न विचारला नाही. ही शांतता संमती समजली गेली.

शुक्रवारी, १७ नोव्हेंबरला पहाटे हजेरी घेतली तेव्हा मैदान विभागातील नऊ माणसे आली नव्हती. आदल्या रात्री कोणाचाही फोन नव्हता. नऊ हा आकडा चाळिसांत फार मोठा नाही आणि व्यवस्थापकाने तो ऐकून ठेकेदाराकडून नऊ बदली माणसे मागवली. ती सातपर्यंत आलीही. परंतु न आलेल्या नऊ जणांत ग्रीन कापणाऱ्या चौघांपैकी तिघे होते आणि होल बदलणाऱ्या दोघांपैकी एक होता. मुकादमाने होल बदलण्याचे काम स्वतः अंगावर घेतले. ग्रीन कापण्याचे यंत्र मात्र ज्याच्या हाती दिले गेले त्याने आजवर फेअरवेवरचे, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या लांब पट्ट्यावरचे, गवत कापले होते. सातव्या ग्रीनवर त्याने पात्यांचा पिंप न उचलता कडेला यंत्र वळवले. गवत मुळापर्यंत सोलले गेले आणि ग्रीनच्या डाव्या अंगाला चंद्रकोरीसारखा तपकिरी पट्टा उमटला, हाताने चाचपला तर खालची वाळू लागेल असा. थंडीच्या दिवसांत बर्म्युडा लवकर भरून येत नाही, त्यामुळे तो पट्टा स्पर्धेनंतरही बरेच आठवडे दिसत राहिला आणि कार्यकारी समितीच्या प्रत्येक बैठकीत त्याचा विषय निघाला.

सोमवारी नऊही जणांना कारणे दाखवा नोटीस देण्यात आली आणि गैरहजेरीचे दिवस बिनपगारी धरण्यात आले. त्यांतील एकाने नोकरी सोडली. तो होल बदलणारा होता.

माहिती काय सांगत होती

नोटिसांना आलेली उत्तरे जवळजवळ सारख्याच शब्दांत होती, म्हणजे कोणीतरी एकानेच ती लिहून दिली असावीत: ‘शेतीच्या अत्यंत निकडीच्या कामामुळे’. समितीतील काही सदस्यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की माणसांनी ठरवून, स्पर्धेचा मोका साधून दांडी मारली. ठरवून मारली हे खरे होते. मोका साधून हे मात्र चूक होते. क्लबने ज्या सल्लागाराला नंतर बोलावले त्याने नोटिसा बाजूला ठेवून मुकादमाशी बोलणे पसंत केले, आणि तेव्हा कोणत्याही कागदावर नसलेली गोष्ट कळली.

न आलेल्या नऊ जणांपैकी सात एकाच वाडीतले होते आणि ते सावडीने कापणी करत होते. ज्यांनी गावात दिवस काढले आहेत त्यांना सावड सांगावी लागत नाही: आज सगळे मिळून एकाच्या खाचरात उतरतात, उद्या दुसऱ्याच्या, आणि मजुरीचा पैसा कोणी कोणाला देत नाही. याचा रजेच्या दृष्टीने अर्थ असा होतो की एका माणसाच्या शेतासाठी सात माणसांची रजा लागते आणि त्यातला एक जण कामावर गेला तर त्याच्या खाचरात उद्या कोणी येत नाही. ‘घरातला एक माणूस शेतावर ठेवा आणि तुम्ही कामावर या’ हा व्यवस्थापनाचा नेहमीचा सल्ला म्हणूनच निरुपयोगी होता.

दुसरी गोष्ट कायद्याच्या बाजूची होती. क्लबला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ लागू होता, असे क्लबच्याच कायदा सल्लागाराचे मत होते. या कायद्याखाली कामगाराला वर्षाला ८ दिवसांची पगारी किरकोळ रजा मिळते. ती तिमाहीने खात्यात जमा होते आणि वर्षअखेरपर्यंत घेतली नाही तर बुडते. अर्जित रजा, वर्षात २४० दिवस भरले असल्यास, दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस मिळते आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आता नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सरसकट बंदी घातली की शेवटच्या तिमाहीत जमा झालेली किरकोळ रजा घेण्यास व्यवहारात फक्त ऑक्टोबर उरतो आणि बाकीची हातात येण्याआधीच जाते. सूचना लिहिणाऱ्याच्या हे लक्षात आले नव्हते, पण माळ्यांच्या बरोबर लक्षात आले होते. ‘रजा लिहून मागितली तर नाही म्हणणार, आणि नाही घेतली तर बुडणार, मग खाडा पडलेला काय वाईट,’ असे एकाने मुकादमाला आधीच सांगितले होते. मुकादमाने ते वर पोहोचवले नाही, कारण विचारले कोणी नव्हते.

तिसरी गोष्ट हजेरीपटाची. त्यात माणसे मोजली जात, कामे मोजली जात नसत. चाळीसपैकी एकतीस हजर हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण ग्रीन कापणारा एकच हजर हे वाक्य कोणत्याही तक्त्यात दिसत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

समितीपुढे जानेवारी २०२४ मध्ये जे पर्याय आले त्यांतील पहिला अर्थातच बंदी आणखी कडक करण्याचा होता: पुढच्या वर्षी तीच सूचना, पण सोबत निलंबनाची ताकीद. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे होते की एकदा सूट दिली की ती हक्क बनते. या पर्यायाविरुद्ध सर्वांत वजनदार मुद्दा तत्त्वाचा नव्हता, तर साधा होता: आधीच एक होल बदलणारा गेला होता, आणि असा माणूस तयार व्हायला एक हंगाम जातो. ज्यांना काढण्याची धमकी द्यायची त्यांच्याशिवाय स्पर्धा होत नाही, ही गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक होती.

दुसरा पर्याय हजेरी बक्षिसाचा होता. नोव्हेंबरमध्ये एकही खाडा न करणाऱ्याला ठरावीक रक्कम द्यायची. हा पर्याय खजिनदाराला आवडला होता, कारण त्याचा खर्च आधी सांगता येत होता. पण पावसात भिजलेल्या भाताची किंमत कोणत्याही बक्षिसापेक्षा जास्त असते, आणि सावडीतून बाहेर पडण्याची सामाजिक किंमत तर पैशात मोजताच येत नाही. ज्यांना शेत नाही त्यांना हे बक्षीस आपोआप मिळाले असते आणि ज्यांच्यासाठी ते ठेवले त्यांना ते मिळाले नसते.

ठेकेदाराकडून हंगामापुरती जास्त माणसे घेणे हा तिसरा पर्याय सातव्या ग्रीनच्या आठवणीने फार चर्चा न होता मागे पडला. चौथा पर्याय होता स्पर्धेची तारीख हलवण्याचा. तो मांडताच कॅप्टनने सांगितले की प्रायोजकांना नोव्हेंबरची सवय आहे, आणि विषय तिथेच थांबला. काही महिन्यांनी तो पुन्हा उघडावा लागला.

पाचवा पर्याय, जो शेवटी पायाभूत ठरला, तो असा की रजा आधी मान्य करायची आणि मग उरलेल्या माणसांत काय होऊ शकते ते ठरवायचे. म्हणजे प्रश्न ‘कोणाला रजा द्यावी’ असा न विचारता ‘कोणते काम कोणत्या दिवशी न करून चालेल’ असा विचारायचा. समितीतील काहींना हे शरण जाणे वाटले. माझ्या मते मात्र याच पर्यायात व्यवस्थापनाने पहिल्यांदा व्यवस्थापनाचे काम हाती घेतले. आधीच्या चारांत ते काम एकतर ठेकेदाराकडे नाहीतर माळ्यांच्या भीतीकडे सोपवलेले होते.

प्रत्यक्ष कृती

सुरुवात नोटिसांपासून झाली. आठही माणसांना मागील तारखेचा अर्ज देण्याची मुभा देऊन ते दिवस किरकोळ रजेत धरले गेले आणि कापलेला पगार परत करण्यात आला. यावर समितीत दोन बैठका खर्ची पडल्या. अंतिमतः मत असे पडले की जी सूचना कायद्याच्या कसोटीवर टिकण्याची शाश्वती नाही तिच्या आधारावर शिक्षा टिकवू नये. नोकरी सोडून गेलेल्याला निरोप पाठवला गेला. तो आला नाही.

त्यानंतर मुकादम आणि पर्यवेक्षक यांनी मिळून एक तक्ता केला आणि तो माळ्यांच्या खोलीत भिंतीवर लावला. उभ्या रांगेत कामे, आडव्या रांगेत माणसे, आणि ज्याला जे काम येते तिथे खूण. शेवटच्या रकान्यात त्या कामाला किमान किती माणसे लागतात ते लिहिले: ग्रीन कापणीला चार, होल बदलायला दोन, फवारणीला एक, पंपाला एक. तक्ता लागला त्या दिवशीच उघड झाले की पंप चालवणारा आणि फवारणी करणारा यांच्या जागी दुसरे कोणीही नाही. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण भिंतीवर दिसेपर्यंत ती कोणाची जबाबदारी नव्हती.

पावसाळा शिकवण्यासाठी वापरला गेला. जून ते सप्टेंबर या काळात फेअरवेवरच्या चार माणसांना रोपवाटिकेतल्या सरावाच्या ग्रीनवर कापणी शिकवण्यात आली, कारण तिथे सोलले गेले तरी कोणाचे काही बिघडत नव्हते, आणि पावसात ते आठवड्याभरात भरूनही येई. दोघे होल बदलायला शिकले. आषाढीच्या वारीला जाणाऱ्या माणसांना याआधी दरवर्षी कुरकुर ऐकावी लागत असे. या वर्षी (एकादशी १७ जुलैला होती) त्यांना अर्ज येताच रजा दिली गेली, कारण मैदानाचा सर्वांत रिकामा काळ तोच होता.

ऑगस्टमध्ये पंचांग आणि स्पर्धांचे वेळापत्रक प्रथमच एका टेबलावर ठेवले गेले. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, भाऊबीज ३ ला, छठ ७ ला, तुळशीविवाह १३ ला आणि त्यानंतर लग्नसराई. नोव्हेंबरचा तिसरा शुक्रवार ते रविवार म्हणजे १५ ते १७ तारीख, ऐन कापणीत. डिसेंबरचा पहिला पंधरवडा लग्नांचा. पुढे पाहिले तर ३१ डिसेंबरपासून २९ जानेवारीपर्यंत पौष. पौषात लग्ने नसतात, भात घरात आलेले असते, आणि संक्रांत सोडली तर घरी ओढून नेणारे फारसे काही नसते. रजेची मागणी सर्वांत कमी असणारा महिना आणि मैदानाच्या गर्दीचा महिना हे एकच आहेत, ही बाब इतकी वर्षे कोणाच्या नजरेस आली नव्हती.

कॅप्टनने आता प्रायोजकांना विचारले. तीनपैकी दोघांनी जानेवारीला हरकत घेतली नाही. तिसऱ्याने घेतली आणि त्याच्या जागी नवा शोधावा लागला. स्पर्धा १७ ते १९ जानेवारी २०२५ या तारखांना हलवली गेली. मैदान अधीक्षकाची शंका मात्र रास्त होती: जानेवारीच्या थंड रात्रींत बर्म्युडाची वाढ जवळजवळ थांबते, चेंडूने पडलेले खळगे लवकर भरत नाहीत. त्याची अट अशी होती की डिसेंबरमध्ये ग्रीनची उंची किंचित वाढवू द्यावी आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सदस्यांच्या खेळांची संख्या मर्यादित ठेवावी. पहिली अट लगेच मान्य झाली, दुसरी बरीच वादावादी होऊन.

कापणीसाठी वेगळी तरतूद याआधीच झाली होती. अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा हा नेहमीचा नियम येथे लागू पडत नव्हता, कारण भात कधी काढायचे हे परतीचा पाऊस ठरवतो. म्हणून २० ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर या काळात प्रत्येकाला तीन दिवसांची फिरती रजा देण्यात आली. दिवस आधी ठरवायचे नाहीत, फक्त दोन संध्याकाळ आधी मुकादमाला सांगायचे. ही रजा अर्जित रजेतूनच वजा होणार होती, तिचा वेगळा बोजा क्लबवर पडणार नव्हता. सावडीचे काय करायचे हे माळ्यांवर सोपवले गेले. त्यांनी स्वतःच वाडीची सावड दोन गटांत विभागली आणि ग्रीन कापणारे दोन्ही गटांत येतील अशी माणसे वाटली. हे कार्यालयात बसून कोणाला करता आले नसते, कारण कोणाचे खाचर आधी पिकते आणि कोणाचे कोणाशी पटत नाही हे कार्यालयाला माहीत नसते.

शेवटची कृती सदस्यांच्या बाजूची होती. कमी माणसांच्या दिवशी काय होणार नाही हे आधीच लिहून लावले गेले: रफमधले (फेअरवेच्या कडेचे) गवत वाढलेले राहील, बंकर दिवसाआड सारखे केले जातील, टीवरच्या (पहिला फटका मारायच्या जागेवरच्या) पाट्या हलणार नाहीत, ग्रीन आणि होल मात्र रोजच्यासारखे. स्वयंपाकघराने छठच्या आठवड्यात पदार्थांची यादी निम्म्यावर आणली. बिहारला जाण्या-येण्यातच तीन-चार दिवस जातात, तेव्हा दोन दिवसांची रजा देणे म्हणजे न दिल्यासारखेच असते, हे मान्य करून आचाऱ्यांना सलग मोठी रजा आळीपाळीने देण्यात आली: एक वर्ष छठ एकाची, पुढचे दुसऱ्याची.

परिणाम

२०२४ च्या कापणीच्या महिन्यात न सांगता गैरहजर राहण्याचे प्रकार जवळजवळ थांबले. पूर्ण थांबले असे म्हणता येणार नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोघे आले नाहीत आणि त्यांचे कारण शेतीचे नव्हते. ग्रीन कापणीला चारपेक्षा कमी माणसे असा दिवस एकदाच आला आणि त्या दिवशी पावसाळ्यात शिकलेला माणूस यंत्रावर गेला. त्याचा वेग कमी होता, त्यामुळे शेवटचे दोन ग्रीन पहिला गट येऊन थांबल्यावर कापले गेले. एक सदस्य यावरून रागावला. त्याला फलकावरची यादी दाखवण्यात आली, पण त्याने ती वाचली नव्हती आणि नंतरही वाचली असे दिसले नाही.

जानेवारीची स्पर्धा पार पडली. मैदान विभाग तीनही दिवस पूर्ण हजर होता. अधीक्षकाची शंका अंशतः खरी ठरली: तिसऱ्या दिवशी ग्रीनवर खळग्यांच्या खुणा दिसत होत्या आणि चेंडूचा वेग नोव्हेंबरच्या तुलनेत कमी होता. खेळाडूंकडून तशा प्रतिक्रियाही आल्या. समितीने हे मोल मान्य केले.

एक परिणाम अनपेक्षित होता. या रजेला सुरुवातीला ‘कापणीची रजा’ असे नाव होते. ज्यांच्याकडे शेत नाही असे पाच-सहा जण मुकादमाकडे आले आणि म्हणाले की जमीन गेली हाच आमचा दोष, आणि त्यापायी रजाही जाणार का. यांतील दोघांच्या जमिनी या परिसरातल्या बंगल्यांच्या प्रकल्पांत विकल्या गेल्या होत्या. पंधरा दिवसांत तिचे नाव ‘हंगामी रजा’ झाले आणि ती क्लबच्या हजेरीपटावरील सर्वांना खुली करण्यात आली. बहुतेक भूमिहीनांनी ती दिवाळीला जोडून घेतली, त्यामुळे दिवाळीच्या दिवसांवरचा ताण थोडा वाढला, पण तो ताण निदान आधी दिसत होता.

निर्णयाच्या जागा

या प्रकरणात वळण देणारे निर्णय तीन होते असे मला वाटते आणि ते तिन्ही सहज उलटे जाऊ शकले असते. पहिला नोटिसा मागे घेण्याचा. तो न होता तर फेब्रुवारीत माळ्यांनी तोंड उघडले नसते आणि सावडीची गोष्ट कळलीच नसती. ज्या माणसावर कारवाई चालू आहे त्याच्याकडून माहितीची अपेक्षा करणे व्यर्थ असते. दुसरा, फिरत्या रजेचे दिवस माळ्यांनीच ठरवावेत हा. पर्यवेक्षकाने आधी स्वतः वेळापत्रक आखले होते, ते सुबक होते आणि पहिल्याच पावसाच्या सरीने कोलमडले असते. तिसरा तारखेचा, आणि तो सर्वांत उशिरा झाला.

येथे क्रमाबद्दल माझा मतभेद नोंदवतो. क्लबने आधी रजेची व्यवस्था केली आणि मग स्पर्धा हलवली. तारीख आधी हलवली असती तर कदाचित फिरत्या रजेची इतकी बारीक रचना लागलीच नसती. याउलट अधीक्षकाचे म्हणणे असे की स्पर्धा नसली तरी नोव्हेंबरचे शनिवार-रविवार भरलेलेच असतात आणि रचना तरीही लागली असती. त्याचे म्हणणे चुकीचे ठरवण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

वेगळे काय करता आले असते

कायद्याप्रमाणे वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यांतील २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी एकमताने ठरवायच्या. क्लबमध्ये या चार सुट्ट्यांची यादी वर्षानुवर्षे तीच टंकलिखित होत असे आणि तीत भाऊबीज नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये कोणी ही यादी माळ्यांपुढे ठेवली असती, तर भाऊबीजेचा विषय त्याच वेळी निघाला असता आणि त्यामागून स्पर्धेच्या तारखेचाही. २०२५ च्या यादीत होळी काढून भाऊबीज घातली गेली आहे.

सर्वांत मोठी उणीव मात्र ठेकेदाराच्या माणसांची आहे. फेअरवे आणि फुलझाडांच्या वाफ्यांतील तण काढणाऱ्या सगळ्या स्त्रिया ठेकेदारामार्फत येतात. सावडीत त्या पुरुषांच्या बरोबरीने राबतात, किंबहुना कापणीचा मोठा भाग त्यांच्याच हातून होतो, आणि हंगामी रजा त्यांना लागू नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नवरा पगारी रजेवर आणि बायको बिनपगारी खाड्यावर, असे एकाच खाचरात दोघे राबत होते. समितीचे उत्तर असे की त्या आमच्या कर्मचारी नाहीत. हे उत्तर सोयीचे आहे. वार्षिक ठेक्याच्या अटींत रजेचे कलम घालण्यापासून क्लबला कोणी अडवलेले नाही, आणि २०२५ च्या नूतनीकरणात ते घालण्याचा प्रस्ताव खर्चाच्या कारणाने पुढे ढकलला गेला.

पंपाचाही प्रश्न अर्धाच सुटला आहे. दुसरा माणूस तयार झाला, पण तो पहिल्याचा सख्खा भाऊ आहे आणि दोघांचे खाचर एकच.

पुढील नियोजनात २०२५ चे वर्ष सोपे गेले: लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, भाऊबीज २३ ला, आणि कापणीचा मुख्य भर त्यानंतर, त्यामुळे रजेची मागणी एकाच वेळी न येता दोन टप्प्यांत आली. २०२६ मध्ये अधिक महिना असल्याने लक्ष्मीपूजन पुन्हा ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ ला येते, म्हणजे दिवाळी आणि कापणी पुन्हा एकमेकींवर चढणार. त्या वर्षासाठी फिरत्या रजेचा कालावधी ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवण्याचे आणि भाऊबीजेनंतरच्या शनिवार-रविवारी बाहेरच्या गटांची नोंदणी न घेण्याचे ठरले आहे.